पाठीमागची सहा पानं

"बाई, हिला काहीही झालेलं नाही," मशीनच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून मेकॅनिक म्हणाला. "तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे."

"मग कागद का काढते?"

"झेरॉक्सचं मशीन कागद नाही काढणार तर काय, अंडी देणार?"

"कोणी बटण न दाबता?"

मेकॅनिकने हात बाहेर काढला, काळी पडलेली बोटं फडक्याला पुसली आणि मशीनकडे जरा लांबूनच पाहिलं.

कॉलेजच्या कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारून नंबर टाकायचा, हे काम आवकबाई एकतीस वर्षं करत होत्या. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथे ते सुरक्षित होतं. बाकी प्राचार्यांपासून माळ्यापर्यंत सगळे त्यांना आवकबाईच म्हणत. नवराही म्हणे. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. एकतीस वर्षांत त्यांच्या हाताखालून किती कागद गेले याची गणती नव्हती, आणि त्यातला एकही त्यांनी विषयाच्या ओळीपलीकडे वाचला नव्हता. आवकच्या टेबलावर वाचायची पद्धत नाही. वाचत बसलं तर शिक्का कोण मारणार?

तर हे मशीन. गेले तीन आठवडे रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ते आपणहून घसा खाकरल्यासारखा आवाज करी, आत हिरवा उजेड इकडून तिकडे फिरे आणि ट्रेमध्ये सहा कागद येऊन पडत. पाच नाही, सात नाही. सहा. कोरे. गरम.

अधीक्षकसाहेबांनी प्रथम लेखी परवानगीशिवाय मशीन सुरू होऊ नये असा आदेश काढला. मशीनने तो मानला नाही. मग त्यांनी प्लग काढायला लावला. त्या दिवशी कागद आले नाहीत. पण चार दहाला आवकबाईंनी ट्रेवर हात ठेवला तर तो गरम होता. ही गोष्ट त्यांनी कोणाला कळवली नाही, कारण अशी गोष्ट कळवायचा नमुना कार्यालयात उपलब्ध नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनीच प्लग परत लावला. कागद आलेले परवडले, असं त्यांना वाटलं.

एकदा त्या ते सहा कागद पर्समध्ये घालून घरी घेऊन गेल्या. किराणा सामानाची यादी लिहायला होतील म्हणून. तासाभराने नवऱ्याने त्यातला एक उचलला आणि विचारलं, "उन्हात ठेवले होतेस का गं?" बाईंनी ते कपाटात टाकले आणि यादी वर्तमानपत्राच्या कडेला लिहिली.

"या जुन्या मशीनना एक खोड असते," मेकॅनिक बॅग भरत म्हणाला. "अर्धवट राहिलेलं काम धरून बसतात. हिच्या डोक्यात दोन्ही बाजूंचं काहीतरी अडकलंय. पुढची बाजू निघून गेली, मागची राहिली. म्हणून कोरं टाकतेय."

"पुसून टाका मग."

"पुसलं. तीनदा पुसलं." तो उभा राहिला. "घेतली कुठून ही?"

"गेटवरच्या झेरॉक्सवाल्याचं दुकान बंद झालं, त्याच्याकडून."

"मग त्याच्याकडचंच काम असणार. त्याला विचारा."

"तो वारला."

"असं होय," मेकॅनिक म्हणाला, आणि चहा सांगितलेला असूनही थांबला नाही.

पावणेचार झाले होते.

आवकबाईंकडे शिक्क्याखेरीज आणखी एक काम होतं, त्याला 'समितीचं' म्हणत. अकरा वर्षांपूर्वी वरून हुकूम आला होता, की ज्या विद्यार्थिनींशी कोणी नको तसं वागेल त्यांना दाद मागता यावी म्हणून प्रत्येक कॉलेजात एक समिती असावी. प्राचार्यांनी समिती नेमली, तिचा फोटो काढला, आणि तक्रारी स्वीकारायचं काम आवकच्या खिडकीकडे दिलं, कारण खिडकी आधीच होती. सोबत बारीक अक्षरात छापलेली सुबक नियमावली आली होती. अधीक्षकसाहेबांनी तिची गेटवरून झेरॉक्स काढून आणली आणि मूळ प्रत बाईंच्या मागच्या लोखंडी कपाटात ठेवून वर लेबल लावलं: 'मूळ प्रत. हाताळू नये.' कपाटाला कुलूप नव्हतं. लेबल पुरेसं होतं. अकरा वर्षं ती कोणी हाताळली नाही.

कारभार चालला तो झेरॉक्सवर. तीच पानं काचेच्या चौकटीत भिंतीवरही लावलेली होती. नियम कडक होते. तक्रार लेखी असावी. सहा प्रतींत असावी. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत असावी. पुरावे, साक्षीदारांची नावं, पत्ते. प्रत्येक पान वाक्याच्या मध्येच संपतं आणि पुढचं भलत्याच वाक्याच्या मध्यातून सुरू होतं, हे बाईंच्या एकदा लक्षात आलं होतं. पण वरून येणारा मजकूर बहुधा तसाच असतो.

दर मार्चात त्या अहवाल पाठवत. प्राप्त तक्रारी: निरंक. प्राचार्य संमेलनात सांगत, "आपल्याकडे असलं काही होतच नाही," आणि टाळ्या पडत.

एकदाच एक मुलगी आली होती. सहा वर्षांपूर्वी. केसांना दोन साध्या पिना, हातात पाच पानं, दुपारी चार-सव्वाचारची वेळ. तिने पानं खिडकीतून आत सरकवली आणि हात मात्र लगेच मागे घेतला नाही. बाईंनी विषयाची ओळ वाचली. त्यात प्रयोगशाळेच्या सरांचं नाव होतं. पण नियम तो नियम.

"अगं, सहा प्रती लागतात. ही एकच आहे."

"सहा?"

"गेटवरून काढून आण. जा, मी खिडकी उघडी ठेवते."

आणि त्यांनी ठेवली. खिडकी साडेचारला बंद होते, बाई सव्वापाचपर्यंत बसल्या. त्याचा त्यांना आतून थोडा अभिमानही होता. मुलगी आली नाही. झेरॉक्सवाल्याकडे रांग होती, रांगेत सरांच्याच वर्गातली चार मुलं होती, आणि झेरॉक्सवाल्याला पानं काढताना मोठ्यानं वाचायची सवय होती, हे दुसऱ्या दिवशी सगळ्या कॉलेजला कळलं. आठ दिवसांनी तिचा भाऊ दाखला न्यायला आला. कारण: कौटुंबिक. पुढे तिचं काय झालं, कुठे गेली, हे कोणी सांगू शकलं नाही. त्या वर्षीचा अहवालही निरंक गेला. प्रत दाखल झालीच नव्हती, तर लिहिणार काय?

"मॅडम."

खिडकीशी बोनाफाईडची मुलगी उभी होती. ही तीन आठवड्यांपासून यायला लागली होती, आणि बाईंनी तिला ते नाव दिलं होतं. बोनाफाईड दाखला मागायला येणाऱ्यांना घाई असते. बँक, पास, वसतिगृह, काहीतरी असतंच. हिला घाई नव्हती. दाखला मागायची, 'कशासाठी?' विचारलं की 'असंच' म्हणायची आणि भिंतीवरची काचेची चौकट वाचत उभी राहायची. मग जायची. असंच बोनाफाईड मागणारं माणूस बाईंनी एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आज तरी सांग, कशासाठी पाहिजे?"

"राहू दे आता," मुलगी म्हणाली. "माझी मुदत संपली तसंही."

"बोनाफाईडला मुदत नसते गं."

"बोनाफाईडची नाही." तिने चौकटीकडे बोट केलं. "तिथे तीन महिने लिहिलंय. मला चार झाले. मी रोज वाचून बघते, दुसरं काही लिहिलंय का."

बाईंनी नकळत शिक्का उचलला आणि परत ठेवला. तेवढ्यात मागे मशीनने घसा खाकरला.

हिरवा उजेड फिरला. एक, दोन, तीन. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्या मोजत राहिल्या. सहावा कागद ट्रेवरून घसरला, फरशीवरून सरकत आला आणि खिडकीखालच्या लाकडी पार्टिशनच्या फटीतून अर्धा बाहेर गेला. वारा नव्हता. पंखा बंद होता.

मुलीने वाकून तो उचलला. "गरम आहे," ती म्हणाली. मग तिने तो उलटा केला. "मागची बाजूपण कोरीच आहे, मॅडम."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मागची बाजू. मेकॅनिक बोलला तेव्हा हे दोन शब्द कानावरून गेले होते. आता ते आत उतरले. त्यांनी मान वळवून भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. अकरा वर्षं पाहत होत्या, पण पानांच्या खालचे आकडे वाचायचं कधी कारण पडलं नव्हतं. एक. तीन. पाच. सात. नऊ. अकरा.

"तू आत ये," त्या म्हणाल्या. "बाजूच्या दारानं ये. इथे बस."

"कुठे?"

खिडकीपाशी दुसरी खुर्चीच नव्हती. बाईंनी स्वतःची दिली आणि उभं राहून कपाट उघडलं; लेबल फाटलं.

मूळ नियमावली पातळ होती, कागद दोन्ही बाजूंनी छापलेले. तिसऱ्या पानावर शेवटची ओळ होती: तक्रार सहा प्रतींत सादर करावी. तिथे पूर्णविराम नव्हता. बाईंनी पान उलटलं.

'...मात्र या प्रती कार्यालयानेच, तक्रारदारास बाहेर न पाठवता, पूर्ण गुप्तता राखून तयार कराव्यात. लिहिणे शक्य नसल्यास लेखनास साहाय्य करावे.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग एकेक पान उलटत गेल्या. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, आलेल्या मुलीला सर्वप्रथम बसण्यास जागा द्यावी. सहाव्यावर, तीन महिन्यांचा आग्रह धरू नये; उशिराचं कारण समजून घेऊन मुदत वाढवावी. आठव्यावर, समुपदेशकाची व्यवस्था करावी, तुकडी बदलून द्यावी, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडे परीक्षा देऊ नये, समोरासमोर बसवू नये, मैत्रीण सोबत असू द्यावी. दहाव्यावर, पोलिसांकडे जायचं असल्यास कार्यालयाने सोबत जावं, नसल्यास भरीस घालू नये. नुसतं बोलून जायचं असेल तर तेही चालेल. अटी सगळ्या पुढच्या बाजूला होत्या. मदत सगळी मागच्या बाजूला. बाराव्या पानावर छापखान्याचं नाव होतं, तेवढं राहिलं असतं तरी चाललं असतं.

"सव्वापाचपर्यंत खिडकी उघडी ठेवली होती मी," आवकबाई म्हणाल्या.

"काय?" मुलीने विचारलं.

"तुला नाही म्हटलं."

ऑफिसात आणखी कोणी नव्हतं. तरी त्यांना वाटलं, की खिडकीच्या बाहेर अजून कोणीतरी उभं आहे आणि त्याने हात खिडकीच्या पट्टीवर ठेवला आहे. त्यांनी बघितलं. पट्टी रिकामी होती. त्यांनी तिच्यावर तळवा टेकून पाहिला, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं, आणि चटकन उचलला.

मग भिंतीकडचा बाक ओढून बाई मुलीसमोर बसल्या आणि सहा पानं तिला वाचून दाखवली. हळू, बोट ठेवून. मध्ये मुलीने एकदाच तोंड उघडलं. "म्हणजे माझी मुदत संपलेली नाही?"

"नाही. आणि तक्रारच दे असंही माझं म्हणणं नाही. नुसतं बोलायचं असेल तर बोल. नाहीतर पाणी पी आणि घरी जा, उद्या ये. यातलं काहीही केलंस तरी नियमात बसतं."

मुलीने दप्तराच्या आतल्या कप्प्यातून आठ घड्या घातलेला कागदांचा पुडका काढला. चार पानं. घड्यांच्या रेषांवर अक्षर उडत चाललं होतं.

"लिहून ठेवलंय कधीचं," ती म्हणाली. "पण मॅडम, गेटवर नाही जायचं मला."

"कुणाच्या बापाला पाठवते मी गेटवर," बाई म्हणाल्या. असं त्या ऑफिसात कधी बोलल्या नव्हत्या.

त्यांनी पहिलं पान मशीनवर ठेवलं, झाकण लावलं, सहाचं बटण दाबलं. उजेड फिरला. सहा कागद आले. कोरे. त्यांनी पान उलट-सुलट करून पाहिलं, परत दाबलं. पुन्हा सहा कोरे. काचेवर पान नीट पालथं होतं, शाई गडद होती, उजेड त्याच्यावरून गेला होता. मशीनने ते पाहिलं होतं आणि तरीही दिलं नव्हतं.

"बिघडलंय का?" मुलीने विचारलं.

"ठणठणीत आहे म्हणे."

बाईंनी तेच कोरे कागद उचलले. कोमट होते, थंडीत कोणी हातात हात द्यावा तसे. त्या टेबलाशी बसल्या, पेनाचं टोपण काढलं आणि मुलीच्या पानावरून पहिली प्रत लिहायला घेतली.

विषयाची ओळ त्यांनी लिहिली. आडनावापाशी पेन थांबलं. तेच सर. आता विभागप्रमुख. मग ओळीच्या खाली, जिथे त्यांची नजर एकतीस वर्षांत कधी गेली नव्हती, तिथे त्या गेल्या. वाचल्याशिवाय नक्कल करता येत नाही. कोणत्या वारी, किती वाजता, कोणती खोली, काय सांगून बोलावलं, ती काय म्हणाली, त्याने काय ऐकल्यासारखं दाखवलं. मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली होती. मध्येच म्हणाली, "तिसऱ्या पानावर जरा घाण आहे."

"असू दे. तू नाही केलेली."

पाच वाजता अधीक्षकसाहेब आले. मुलगी, कपाट, फाटलेलं लेबल आणि लिहिणाऱ्या आवकबाई हे सगळं त्यांनी दारातूनच एका नजरेत आवक केलं.

"बाई, जरा बाहेर या."

"इथेच बोला साहेब. हात अडकलाय."

साहेबांनी आवाज खाली आणला. "सोमवारी पाहणीचे लोक येतायत. सहा प्रती घेऊन मंगळवारी ये म्हणावं तिला. नियमच आहे तो."

"पुढच्या बाजूला आहे. मागे बघा." बाईंनी मूळ प्रत त्यांच्याकडे सरकवली.

साहेबांनी चष्मा लावला. चौथं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग पानांचे आकडे बघितले आणि मान वळवून भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं.

"एका बाजूनं काढ, असं मीच सांगितलं होतं झेरॉक्सवाल्याला," शेवटी ते म्हणाले. "भिंतीवर लावायला बरं पडतं म्हणून."

"मी पण आकडे बघितले नाहीत, साहेब."

"ती पिनावाली..." साहेब म्हणाले आणि थांबले. म्हणजे त्यांनाही ती आठवत होती. "तुमचं अक्षर सगळं कॉलेज ओळखतं, बाई. चौदा महिने राहिलेत तुमचे. हे कोणी लिहून दिलं, असं विचारतील."

"माझंच नाव सांगा. खाली लिहितेच आहे, लेखन साहाय्य म्हणून."

साहेब आत गेले. बाईंना वाटलं, प्राचार्यांना फोन लावत असतील. दहा मिनिटांनी ते एक चपटा डबा घेऊन बाहेर आले. "कार्बन पेपर होते माझ्याकडे. टाइपरायटरच्या वेळचे. बघा चालतात का." बाईंनी एक घालून पाहिला. तो इतका सुकला होता की काहीच उमटलं नाही. साहेब ओशाळले, डबा तिथेच ठेवून घरी गेले. फोन त्यांनी लावला नव्हता. मंगळवारचंही परत काही बोलले नाहीत.

दुसरी प्रत. तिसरी. चौथ्या प्रतीपासून बाईंना मूळ पानाकडे बघावं लागेना. वाक्यं आपणहून येत होती, आणि एक-दोनदा असंही झालं की पुढचं वाक्य त्यांनी लिहून टाकलं आणि मग पाहिलं, तर ते या मुलीच्या कागदावर नव्हतंच. तशी ओळ त्यांनी कधी वाचली नव्हती. पिनावालीच्या पाच पानांतली होती की काय, हे त्या कुठून सांगणार? ते कागद त्यांनी बाजूला पालथे ठेवले, फाडले नाहीत, आणि ती पानं नव्याने लिहिली.

साडेसहाला सहावी प्रत पुरी झाली. मुलीने प्रत्येक प्रतीवर सही केली. पहिली सही तिरकी गेली, सहावी बरी आली. बाईंनी सहाही प्रतींवर शिक्का मारला, नंबर टाकला, वेळ लिहिली आणि पोच फाडून तिच्या हातात दिली. मुलीने ती वाचली, मागची बाजू पाहिली, आणि घडी न घालता वहीत ठेवली.

"उद्या समुपदेशक बाई अकराला येतात. मी येईन तुझ्याबरोबर दारापर्यंत. आत नको असेन तर बाहेर बसते."

"आत चालेल," मुलगी म्हणाली.

बाईंनी प्रती पाकिटात घालून लाख लावली आणि दोघी बाहेर पडल्या. व्हरांडा रिकामा होता. बाईंनी दार ओढलं, कुलूप अडकवलं, किल्ली घातली. पण ती फिरेना. बोटं पेन धरल्यासारखीच वाकून राहिली होती, सरळही होईनात आणि मिटतही नव्हती. त्यांनी डाव्या हाताने प्रयत्न केला. तोही जमला नाही.

"द्या मॅडम," मुलगी म्हणाली.

तिने किल्ली फिरवली, कुलूप दोनदा ओढून पाहिलं, आणि किल्ली बाईंच्या पर्सच्या कप्प्यात टाकून चेन लावली. मग त्यांचा तो वाकलेला हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि गेटपर्यंत चालता चालता एकेक बोट हळूहळू सोडवत राहिली.